ऑईल-सील बदलण्यापूर्वीं एंजिनची स्वच्छता

शेतकऱ्याच्या दावणीला बैल होते तेव्हां बैलाच्या खुराला जखम झाली तर घरधनी आधीं ती जखम धूत असे, आंत रुतलेला खडा काढीत असे, आणि मगच तिजवर औषध लावीत असे. घाणीवर औषध लावूं नये हें कोणास शिकवावें लागत नसे. आज त्याच शेतकऱ्याच्या अंगणांत ट्रॅक्टर उभा आहे व कित्येकांच्या विहिरीवर किंवा ओढ्याकांठीं डिझेल एंजिनही आहे. परंतु यंत्राच्या दुखण्याच्या बाबतींत तें जुनें शहाणपण आपण सोडून देतों. एंजिनांतून तेल गळूं लागलें कीं दुकानांतून नवें ऑईल-सील आणतों, जुनें उपटून काढतों, नवें ठोकून बसवितों. आणि महिनाभरांत तेलाचा थेंब पुन्हां दिसूं लागला म्हणजे सील करणाऱ्या कारखान्यास दोष देतों.

पुष्कळ वेळां तो दोष सीलचा नसतो. सील ज्या घरांत बसतें तें घर, आणि सीलचा ओठ ज्या शाफ्टवर टेकतो तो शाफ्ट, हीं दोन्ही ठिकाणें निर्मळ व अव्यंग केल्यावांचून नवें सील बसविणें म्हणजे न धुतलेल्या जखमेवर मलमपट्टी करणें होय. ही गोष्ट मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. एका पेरणीची किंमत मोजून शिकलों. म्हणून ती वाचकांस सांगावीशी वाटते.

एक अनुभव

माझ्या ट्रॅक्टरच्या क्लचच्या घराला तळाशीं जें लहान छिद्र आहे, त्यांतून एका उन्हाळ्यांत काळें तेल टपकूं लागलें. आरंभीं मी दुर्लक्ष केलें. पुढें नांगरटीचे वेळीं क्लच घसरूं लागला. एंजिनचा आवाज वाढे, पण चाकें ओढ घेईनात. तालुक्याच्या गांवीं एका कारखान्यांत ट्रॅक्टर मधोमध उघडून मागील बाजूचें सील व तेलानें भिजलेली क्लच-प्लेट बदलविली. पंधरा दिवस बरे गेले, आणि पुन्हां तोच थेंब दिसला. दुसऱ्यांदा सील बदललें. पुन्हां तीच गत. "हल्लीं मालच चांगला येत नाहीं," एवढेंच उत्तर मिळालें.

तिसऱ्या खेपेस मीं ट्रॅक्टर घरींच उघडविला. तो दोन भाग होऊन पडला असतांनाच मृगाचा पाऊस झाला. चार दिवसांनीं वाफसा आला. शेजाऱ्यांच्या पाभरी व पेरणीयंत्रें शेतांत गेलीं, आणि मी भाड्याचा ट्रॅक्टर शोधीत गांवोगांव हिंडत राहिलों. तो मिळेपर्यंत वरची ओल उडाली होती. त्या वर्षीं माझें सोयाबीन विरळ उगवलें तें अखेरपर्यंत विरळच राहिलें.

या तिसऱ्या खेपेस एक वयस्क मिस्त्री कामाला आले होते. त्यांनीं नव्या सीलची डबी उघडलीही नाहीं. बॅटरीच्या उजेडांत त्यांनीं प्रथम शाफ्टवरून अंगठ्याचें नख फिरविलें, मग घराच्या आंतील भिंतीवरून बोट फिरविलें, आणि मला जवळ बोलावून तीन गोष्टी दाखविल्या. शाफ्टवर करपलेल्या तेलाचा कडक, तपकिरी थर होता. घराच्या भिंतीवर पूर्वीच्या दोन वेळांच्या लेपाचे वाळलेले पापुद्रे होते, व त्यांखालीं जुनें सील काढतांना पेचकसानें पडलेला एक उभा ओरखडा होता. आणि काढलेल्या सीलच्या ओठाखालीं पुसण्याच्या सुताचा एक धागा दबून बसला होता. मिस्त्री एवढेंच म्हणाले, "मालक, सील बसवणं दहा मिनिटांचं काम, पुसणं अर्ध्या दिवसाचं. लोक दहा मिनिटांचंच तेवढं करतात."

त्या दिवशीं दुपारपर्यंत त्यांनीं केवळ स्वच्छता केली. त्यास आतां तीन हंगाम झाले. त्या छिद्रांतून थेंब पडलेला नाहीं.

सील काय करतें?

एंजिनांतील दट्ट्यांची खालीं-वर होणारी गति क्रँकशाफ्टमुळें गोल फिरण्यांत बदलते. हा शाफ्ट एंजिनच्या पोटांत तेलानें न्हात असतो. परंतु त्याचीं दोन्ही टोकें बाहेर यावीं लागतात. पुढच्या टोकावर पट्ट्याची पुली असते, मागच्या टोकावर फ्लायव्हील असतें. या दोन द्वारांतून शाफ्ट बाहेर यावा पण तेल येऊं नये, यासाठीं तेथें वाटोळें सील बसविलेलें असतें. त्याचा बाहेरचा घेर घराच्या भिंतीला घट्ट चिकटून राहतो. आंतील बाजूस रबराचा पातळ ओठ असतो, व बहुतेक जातींत त्यामागें बारीक स्प्रिंगचें कडें असतें. तें ओठाला शाफ्टवर हलकेंच दाबून धरतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. चालत्या एंजिनांत ओठ शाफ्टला कोरडा घासत नाहीं. दोहोंच्या मध्यें तेलाचा अत्यंत पातळ पापुद्रा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी इतकी अल्प. ओठ त्या पापुद्र्यावर तरंगतो, आणि तोच पापुद्रा बाहेर वाहूं देत नाहीं. आतां वेगाचा हिशेब पाहा. शाफ्टचा व्यास ९० मिलिमीटर धरला व त्याचे मिनिटाला २००० फेरे धरले, तर ओठाखालून तासाला सुमारें ३४ किलोमीटर वेगानें पोलाद सरकत असतें. अशा ठिकाणीं केसाएवढा धागा, रेतीचा कण किंवा करपलेल्या तेलाची खपली ही त्या पापुद्र्याच्या कितीतरी पट जाड ठरते. ती ओठाला उचलून धरते आणि तेलाला वाट मोकळी होते.

पहिल्यापासून सील रबराचेंच होतें असें नाहीं. जुन्या एंजिनांत नमद्याचीं कडीं, ग्राफाइट लावलेली दोरी किंवा तेल मागें फेंकणारी चकती, अशा युक्ति योजीत. पुढें चामड्याचा ओठ आला. जर्मनीतील वाइनहाइम येथील फ्रॉयडेनबर्ग हा मूळचा कातडें कमावणारा कारखाना. त्यानें १९२९ सालीं चामड्याच्या ओठाचें सील काढलें, आणि १९३६ च्या सुमारास त्याच जागीं कृत्रिम रबर योजिलें. ज्यांनीं मोट हांकली आहे त्यांस ही परंपरा परकी वाटणार नाहीं. मोटेचें कातडें तेल पाजून मऊ राखलें नाहीं तर तें तडकून पाणी गळे. सीलच्या ओठाचेंही तसेंच आहे. तो मऊ, अखंड व ओलसर राहिला पाहिजे. आणि ज्यावर तो टेकतो तें अंग गुळगुळीत पाहिजे.

मऊ वस्तु कठिणास कशी झिजविते?

पुष्कळांस आश्चर्य वाटतें कीं रबरासारख्या मऊ वस्तूनें पोलादी शाफ्टला खाच कशी पडते. खाच रबर पाडीत नाहीं. रबरांत रुतलेली धूळ पाडते. आपल्या शेतांतील धुळींत गारेचे सूक्ष्म कण असतात व गार ही साध्या पोलादाहून कठिण असते. असा कण ओठाखालीं शिरला म्हणजे मऊ रबरांत तो घट्ट रुतून बसतो आणि फिरत्या शाफ्टवर कानशीप्रमाणें काम करतो. मळणीयंत्रावर, खडीच्या रस्त्यावर व कोरड्या ढेंकळांत दिवसचे दिवस चालणाऱ्या एंजिनांत ही झीज अधिक होते. यावरून उघड होईल कीं, सील बदलतांना घाईनें आंत जाऊं दिलेली चिमूटभर धूळ ही त्या दिवसाची घाण नव्हे. ती पुढील दोन-चार वर्षांची कानस आहे.

आधीं गळतीचें मूळ शोधा

स्वच्छतेचा पहिला उपयोग निदानासाठीं आहे. एंजिन तेलानें व धुळीनें माखलेलें असतां गळती कोठली हें ओळखतां येत नाहीं, कारण तेल नेहमीं खालीं उतरतें. वरच्या झांकणाच्या पॅकिंगमधून पाझरलेलें तेल ओघळत मागच्या सीलपाशीं येऊन टपकतें, आणि आपण निष्कारण ट्रॅक्टर उघडतों. म्हणून प्रथम एंजिन बाहेरून धुऊन कोरडें करावें, थोडा वेळ चालवावें, आणि ओल कोठें प्रथम दिसते तें पाहावें.

क्लचच्या घरांतून येणारें तेल एंजिनचेंच असतें असेंही नाहीं. गिअर-पेटीच्या पुढच्या सीलमधूनही तें येतें. एंजिनचें वापरलेलें तेल काळें व पातळ असतें. गिअरचें तेल बहुधा जाड असून त्यास गंधकासारखा उग्र वास असतो. बोटावर घेऊन पाहिल्यास फरक कळतो.

याच वेळीं एंजिनचा ब्रीदर, म्हणजे पोटांतील वाफ बाहेर टाकणारी नळी, अवश्य तपासावी. ती घाणीनें बुजली म्हणजे आंत दाब वाढतो, आणि तो दाब चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर लोटतो. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे तेल भरणें हेंही गळतीला आमंत्रण आहे. ब्रीदर तुंबलेला ठेवून सील बदलणें म्हणजे तुंबलेला पाट न उकरतां बांध लिंपीत बसणें होय.

थेंबाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांसाठीं एक हिशेब देतों. दर पांच सेकंदांस एक थेंब पडला तर दहा तासांत ७२०० थेंब होतात. तीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी हें सुमारें पाव लिटर तेल झालें. तेलाची पातळी खालीं जाऊन एंजिनचे बेअरिंग कोरडे पडले म्हणजे जो खर्च येतो, त्यापुढें सीलची किंमत कांहींच नव्हे.

उघडण्यापूर्वीं बाहेरची धुलाई

एंजिन थंड झाल्यावर ज्या भागांतून तें उघडावयाचें त्याच्या भोंवतीं हातभर जागा धुऊन घ्यावी. वाळलेली माती व तेलाचा राप लांकडी पट्टीनें खरवडावा, मग ब्रश व डिझेल अगर मिळत असल्यास रॉकेल वापरून तो भाग साफ करावा. हवेच्या गाळणीचें तोंड, डिपस्टिकची जागा व ब्रीदर आधीं झांकावा. डायनॅमो किंवा स्टार्टर यांवर फवारा मारूं नये. गरम एंजिनावर थंड पाण्याचा जोरदार झोत तर कधींच मारूं नये. काम वाऱ्याच्या तोंडीं किंवा मळणीच्या खळ्याजवळ न करतां भिंतीच्या आडोशाला, शक्य तर सडा घातलेल्या जागीं करावें.

पेट्रोल धुण्यास वापरूं नये. त्याची वाफ हवेहून जड असल्यानें जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेंही पेट घेते. कोणत्याही द्रवानें धुतांना जवळ विडी, चूल अगर वेल्डिंग नसावें. कॉस्टिक सोड्याचें पाणी ॲल्युमिनियमच्या भागांस खातें, म्हणून तेंही वर्ज्य समजावें. धुतलेलें काळें पाणी व तेल डब्यांत धरावें. तें विहिरीजवळ, पाटांत किंवा मातींत ओतूं नये. वापरलेलें तेल कातडीसही अपायकारक आहे, म्हणून हातमोजे घालावे किंवा काम होतांच हात साबणानें धुवावे.

ट्रॅक्टर मधून उघडावयाचा असल्यास दोन्ही भागांखालीं भक्कम घोड्या लावाव्या. केवळ जॅकच्या भरंवशावर कोणीही खालीं शिरूं नये. हें स्वच्छतेच्या विषयाबाहेरचें असलें तरी सांगणें कर्तव्य आहे.

जुनें सील काढतांना

जुनें सील काढण्यापूर्वीं तें किती खोल बसलें आहे व त्याचें तोंड कोणीकडे आहे याची नोंद करावी. मोजपट्टीनें मोजून खडूनें लिहून ठेवावें. तेल अडविणारा ओठ, म्हणजे स्प्रिंगची बाजू, तेलाकडे असते. पुष्कळ सीलांना धूळ अडविण्यासाठीं दुसरा लहान ओठ असतो. तो बाहेरच्या बाजूस येतो.

पेचकस खुपसून सील उपटण्याची संवय अत्यंत वाईट. पेचकसाचें टोक शाफ्टवर टेकलें तर तेथें कायमची जखम होते. घराच्या भिंतीवर टेकलें तर तेलाला बाहेरून वाट मिळते. सीलच्या पत्र्याला समोरासमोर दोन लहान स्क्रू थोडेसेच फिरवून बसवावे, व ते पकडीनें आळीपाळीनें ओढून सील सरळ बाहेर घ्यावें. स्क्रू पत्र्यापलीकडे खोल जाऊन शाफ्टला लागणार नाहीं अशी काळजी घ्यावी. सील निघतांच आंतील फटींत स्वच्छ कापडाचा बोळा हलकेंच बसवावा, म्हणजे खरवडलेली घाण एंजिनांत पडणार नाहीं. बोळे किती घातले तें मोजून ठेवावें, व शेवटीं तितकेच बाहेर आले कीं नाहीं हें पाहावें.

घराची स्वच्छता

घराच्या भिंतीवरील जुना लेप, गंज व रबराचे तुकडे प्रथम द्रवानें भिजवून मऊ होऊं द्यावे. मग लांकडाची, पितळेची किंवा कठिण प्लास्टिकची पट्टी वापरून ते काढावे. घर ॲल्युमिनियमचें असल्यास पोलादी छिन्नी किंवा पातें लावूंच नये. मऊ धातूला ओरखडा लगेच पडतो. हात नेहमीं आंतून बाहेर ओढावा, म्हणजे मळ एंजिनापासून दूर जातो.

भिंतीवर उभा ओरखडा असला, म्हणजे जो सीलच्या रुंदीच्या आरपार जातो, तर तीच तेलाची पन्हाळ होते. उंच आलेली कड तेवढी बारीक पॉलिश पेपरानें बसवावी; खोल ओरखडा असल्यास सीलच्या बाहेरच्या घेरास योग्य अशा लेपाचा पातळ हात द्यावा. घराच्या तोंडाशीं जी उतरती कड असते तिजवर खरखर राहिली तर नवें सील आंत जातांना सोलून निघतें. म्हणून तीही बोटानें चांचपून गुळगुळीत करावी. कांहीं एंजिनांत सीलच्या मागें तेल परत पोटांत उतरण्याचें लहान भोंक असतें. तें गाळानें बुजलेलें असल्यास मोकळें करावें. नाहीं तर तेल सीलमागें सांचून राहतें.

शाफ्टची स्वच्छता

हें सर्वांत नाजूक काम आहे. शाफ्टवरील करपलेलें तेल कानशीनें किंवा पात्यानें खरवडूं नये. द्रवांत भिजविलेलें कापड गुंडाळून तें कांहीं वेळ तसेंच राहूं द्यावें. थर मऊ पडला म्हणजे नायलॉनच्या ब्रशानें किंवा लांकडी काडीनें निघतो.

त्यानंतर नखाची परीक्षा करावी. ओठ टेकत होता तेथें एक चकचकीत पट्टा दिसतो. त्यावरून शाफ्टच्या लांबीच्या दिशेनें नख फिरवावें. नख न अडकतां सरकलें तर शाफ्ट निरोगी आहे. किंचित् गंज किंवा खरखर असल्यास सहाशें नंबरचा किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपर अरुंद पट्टी करून, तेलाचा थेंब लावून, शाफ्टभोंवतीं गुंडाळावा आणि ताक घुसळतांना रवीची दोरी जशी आळीपाळीनें ओढतात तशीं त्याचीं दोन टोकें ओढावीं. घासणें नेहमीं शाफ्टच्या घेरानें व्हावें. लांबीच्या दिशेनें घासल्यास बारीक उभ्या रेषा पडतात व त्यांतून तेल बाहेर येतें. आणि आट्यासारख्या तिरप्या रेषा पडल्या तर त्या फिरतां फिरतां पंपाप्रमाणें तेल बाहेर ढकलूं शकतात. त्याचप्रमाणें शाफ्ट आरशासारखा चमकेपर्यंत घासणें हीही चूक आहे. तेलाचा पापुद्रा टिकण्यास अंगावर अगदीं सूक्ष्म खरखर लागते. कारखान्यांत ती ०.२ ते ०.८ मायक्रोमीटर इतकी राखतात. घासून झाल्यावर पेपराची भुकटी पूर्णपणें धुऊन व पुसून काढावी.

नख खाचेंत अडकलें तर पॉलिश करून उपयोग नाहीं. अशा वेळीं दोन मार्ग आहेत. घरांत जागा असल्यास व तेल उतरण्याचें भोंक झांकलें जात नसल्यास नवें सील एक-दोन मिलिमीटर मागें-पुढें बसवावें, म्हणजे ओठ न झिजलेल्या अंगावर येतो. नाहीं तर शाफ्टवर चढविण्याची पातळ पोलादी स्लीव्ह बाजारांत मिळते; तिची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास असल्यानें सील मूळच्याच मापाचें चालतें. खाच पडलेल्या शाफ्टवर त्याच जागीं नवें सील बसविणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें आहे.

पॅकिंगच्या सपाट बाजू

कांहीं एंजिनांत सील वेगळ्या झांकणांत बसवून तें झांकण बोल्टांनीं एंजिनास जोडलेलें असतें. अशा वेळीं झांकणाची व एंजिनची सपाट बाजूही तितकीच स्वच्छ हवी. जुना लेप पूर्ण काढावा. जुन्या लेपावर नवा लेप धरत नाहीं. येथें विजेच्या हातयंत्रावर फिरणाऱ्या खरखरीत चकत्या लावण्याचा मोह अनेक मिस्त्र्यांस होतो. तो आवरावा. त्या चकत्यांतून झडणारी कठिण भुकटी तेलांत मिसळून बेअरिंगपर्यंत पोंचते व त्यांस खाऊन टाकते. शिवाय मऊ धातूंत खळगे पडून बाजू सपाट राहत नाहीं.

बोल्टांच्या भोंकांकडे कोणी पाहत नाहीं. ज्या भोंकाला तळ आहे त्यांत तेल किंवा द्रव सांचलेला असतां बोल्ट आवळला, तर कोंडलेल्या द्रवाच्या दाबानें ओतीव लोखंड तडकूं शकतें. म्हणून प्रत्येक भोंक कापडाच्या वळकटीनें कोरडें करावें. नवा लेप बारीक, अखंड दोऱ्यासारखा लावावा. जास्त लेप आंतल्या बाजूस फुगून तुटतो, आणि त्याचे तुकडे तेलाच्या गाळणीवर बसून एंजिनचा तेलपुरवठाच अडवितात.

अखेरची पुसणी

डिझेल व रॉकेल मळ काढतात, पण मागें स्वतःचा तेलकट पापुद्रा ठेवतात. घराच्या भिंतीवर व सपाट बाजूंवर तो राहतां कामा नये. म्हणून शेवटीं चटकन उडून जाणारा द्रव, जसें आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ब्रेक साफ करण्याचा फवारा, कापडावर घेऊन त्या बाजू पुसाव्या. हा फवारा थेट फटींत मारूं नये व नव्या सीलवर उडूं देऊं नये. पुसण्यास कॉटन वेस्ट घेऊं नये. त्याचे धागे सुटतात. पुष्कळ वेळां धुतलेलें, धागे न सोडणारें जुनें पांढरें धोतर या कामास उत्तम.

पांढऱ्या कापडाचा आणखी एक उपयोग आहे. स्वच्छ भाग त्याच्या बोटावर गुंडाळून सर्व बाजूंवरून एकदां फिरवावा. कापडावर डाग उमटला तर स्वच्छता झालेली नाहीं असें समजून पुन्हां आरंभ करावा. मीं वर सांगितलेल्या मिस्त्र्यांनीं हें चार वेळां केलें. चौथ्या वेळीं कापड पांढरें निघालें, आणि मगच त्यांनीं हात धुऊन सीलची डबी उघडली.

बसवितांना

नवें सील शेवटच्या क्षणापर्यंत वेष्टनांतच ठेवावें. साध्या रबरी ओठाच्या सीलला ओठावर एंजिनचें स्वच्छ तेल बोटानें लावावें, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत ओठ कोरडा जळत नाहीं. परंतु कांहीं नव्या एंजिनांत टेफ्लॉन जातीचा ओठ असतो. तो बहुधा तेल न लावतां, कोरड्या शाफ्टवरच बसवावयाचा असतो. म्हणून वेष्टनावरील सूचना वाचावी. शाफ्टला चावीची खाच किंवा धारदार कड असल्यास तिजवर गुळगुळीत पातळ प्लास्टिक गुंडाळून वरून सील सरकवावें. सील चारी बाजूंनीं सारखें, नोंदविलेल्या खोलीपर्यंत दाबावें. एका बाजूस हातोडी मारून तिरपें करूं नये. बोळे मोजून काढावे, लेप वाळण्यास सांगितलेला वेळ द्यावा, तेलाची पातळी पाहावी, आणि मगच एंजिन चालवावें.

उपसंहार

हें सर्व वाचून कोणी म्हणेल कीं एवढा वेळ आहे कोणास? त्यास माझें उत्तर असें कीं, वेळ नाहीं म्हणूनच हें करावें. सील वर्षभरांत केव्हांही झिजतें, पण गळती आपल्याला जाचते ती नेमकी पेरणीच्या व मळणीच्या दिवसांत. त्या दिवसांत यंत्र दोनदां उघडण्यापेक्षां फाल्गुन-चैत्रांत, कामें उरकल्यावर, एकदां निवांतपणें तपासावें. मिस्त्र्यास काम देतांना "लवकर आटपा" असें न म्हणतां "आधीं पुसून दाखवा" असें म्हणावें, आणि पुसण्याच्या अर्ध्या दिवसाची मजुरी मोकळ्या मनानें द्यावी. ती मजुरी वांचविणारा शेतकरी काय गमावतो, हें माझ्या त्या वर्षींच्या विरळ सोयाबीननें मला शिकविलें आहे.

वाचक बंधूंपैकीं ज्यांनीं आपल्या एंजिनची ही दुरुस्ती स्वतः केली असेल त्यांनीं आपला अनुभव, मग तो यशाचा असो वा फसल्याचा, या मासिकाकडे अवश्य लिहून कळवावा. एकाची ठेंच दुसऱ्याच्या उपयोगी पडावी, हाच अशा लेखनाचा हेतु आहे.